वाटेकडेचे शिलाक्रूस आणि त्यांची जागा

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, कॉर्नवॉल परगण्यात आणि डेव्हनमधील डार्टमूरच्या माळावर, जुन्या वाटांच्या कडेला ग्रॅनाइटचे क्रूस आढळतात. वाटेकडेचे असे ३५० हून अधिक क्रूस इंग्लंडमध्ये ज्ञात असून ते मुख्यतः ९ व्या ते १५ व्या शतकांतील आहेत. वाटसरूची धर्मश्रद्धा जागती ठेवणे हा त्यांचा एक हेतू खरा. परंतु धुक्याने वेढलेल्या उजाड माळावर वाट दाखविणे आणि हद्द सांगणे ही त्यांची कामेही तितकीच महत्त्वाची होती. शिल्प या दृष्टीने त्यांतील पुष्कळसे ओबडधोबडच आहेत. मग कायद्याने रक्षण करावयाचे ते नेमके कशाचे?

प्रिन्सटाउनच्या दक्षिणेकडील नन्स क्रॉस, ऊर्फ सिवार्डचा क्रूस, या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. १२४० मध्ये डार्टमूरच्या राजवनाची हद्द प्रत्यक्ष फिरून ठरविण्यात आली, तेव्हाच्या लेखात त्याचा हद्दखूण म्हणून निर्देश आहे. त्याच्या एका बाजूवरील अक्षरे सामान्यतः ‘बकलंड’ अशी लावतात. बकलंडचा मठ मात्र १२७८ मध्ये स्थापन झाला. अक्षरांचा रोख मठाच्या जमिनीकडे असेल, तर ती क्रूसाहून अर्वाचीन ठरतात, आणि जुन्याच खुणेवर नव्या धन्याने आपली हद्द सांगितली असे म्हणावे लागते. हा तर्क करता येतो तो दगड जागेवर आहे म्हणून. १८४६ मध्ये हा क्रूस पडून भंगला. १८४८ मध्ये लोखंडी पट्ट्यांनी तो सांधण्यात आला. (आज अशा दुरुस्तीस आधी लेखी अनुमती लागेल.)

१८८२ च्या पहिल्या संरक्षण कायद्याच्या यादीत प्रागैतिहासिक अवशेषांचाच भरणा होता. १९७९ च्या कायद्यानुसार स्मारकाच्या आधारास व जतनास आवश्यक अशी भोवतालची जमीनही संरक्षणात येते. क्रूसांच्या बाबतीत बहुधा दोन मीटरांचा पट्टा धरतात. जमिनीत रोवलेले सर्व क्रूस संरक्षणयोग्य मानले जातात. अतिशय भग्न आणि शिवाय मूळ जागेवरून हललेले तेवढे वगळतात.

अडचण या अपवादापाशीच येते. १६ व्या शतकातील धर्मसुधारणेनंतर कित्येक क्रूस मोडले गेले. पुढे शेतकऱ्यांनी काहींचे फाटकाचे खांब केले, काही चर्चच्या आवारात गेले. फाटकाला बिजागरीसाठी पाडलेले भोक हीदेखील त्या दगडाच्या इतिहासातील नोंदच आहे. तुटलेला खांब म्हणून ती वगळण्यापूर्वी निदान तिचे मोजमाप आणि ठिकाण नोंदले जावे.