चाकं बदलली, दिवा विझेना

नवी अलॉय चाकं बसवल्यावर डॅशबोर्डवरचा टायरमधल्या हवेच्या दाबाचा पिवळा दिवा पेटला, तर आधी तो नीट बघा. मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर बिघाड दाब मोजणाऱ्या सेन्सर यंत्रणेत; पहिल्यापासून स्थिर असेल तर हवाच कमी. व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला बसणाऱ्या प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो आणि गाडीच्या संगणकात त्याची नोंद लागते. काही गाड्या थोडं अंतर चालवल्यावर ती आपोआप करतात, बाकीच्यांना स्कॅनर लागतो. सेन्सरची फ्रीक्वेन्सीही गाडीशी जुळायला हवी: अमेरिकेत बहुधा ३१५ मेगाहर्ट्झ, युरोपात ४३३. सेन्सरची बॅटरी साधारण ५ ते १० वर्षं टिकते; ती संपली की सहसा अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. म्हणून जुने सेन्सर नव्या चाकांत घालण्याआधी त्यांचं वय जरूर तपासून घ्या.