रिकाम्या खोगिराचा अश्व

मुलांना वारीत एकच गोष्ट दाखवायची असेल तर ती रिंगणातली घोड्यांची दौड, असं माझं ठाम मत आहे. बाकीचं मोठेपणीही कळतं. घोडा मात्र लहानपणीच भेटायला हवा.

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबत दोन अश्व चालतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याचं खोगीर रिकामं. त्यावर माउली बसलेले आहेत, ही श्रद्धा. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून हे अश्व पायी आळंदीला येतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी सोहळ्याला शिस्त लावली, तेव्हापासूनचा हा मान. चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होतं, पुरंदावड्याला पहिलं गोल.

पुरंदावड्याला माझ्या शेजारी बापाच्या खांद्यावर बसलेली एक पोर होती. टाळ-मृदंग टिपेला गेले, पताका हलल्या आणि स्वाराच्या मागोमाग तो रिकाम्या खोगिराचा अश्व सुटला. पोरीने विचारलं, "बाबा, त्याच्यावर कोण आहे?" बाप म्हणाला, "माउली." तिने पुढे काही विचारलं नाही, नुसती बघत राहिली. दौड संपल्यावर लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले, तेव्हा तीही खाली उतरली आणि आधी घोड्याच्या कपाळाकडेच बोट दाखवून म्हणाली, "त्याला पण लावा ना." भक्ती म्हणजे काय हे तिला कुणी समजावलं नव्हतं. डोळ्यांना न दिसणारा स्वार तिने मानला, आणि ज्याने त्याला वाहून आणलं त्याचाही मान ठेवला.

हे घोड्यामुळेच का घडतं? घोडा हा सावज म्हणून जगत आलेला प्राणी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ चौफेर दिसतं. पण ऐन कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. म्हणून मोतद्दार पोरांना पहिला धडा देतो तो असा: खांद्याच्या बाजूने ये, बोलत ये, धावू नको. आरडाओरडा करणारं मूल घोड्यापाशी आपोआप आवाज खाली आणतं, कारण त्याचा कान लगेच वळलेला दिसतो. २०१६ साली ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. रागीट चेहरा पाहताना त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढले. आपला राग समोरच्याला पोचतो, हे रागावलेल्या पोराला घरात सांगून पटत नाही. इथे घोडा मान फिरवून सांगतो.

घोडेस्वारीतून होणाऱ्या उपचारांची बाजूही थोडक्यात. पोलिओने गुडघ्याखालचे पाय लुळे पडलेल्या डेन्मार्कच्या लिस हार्टेलने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज या घोडेस्वारीच्या प्रकारात रौप्यपदक मिळवलं. त्यानंतर युरोपात अपंगांसाठीच्या घोडेस्वारीने जोर धरला. घोड्याच्या चालीने बसलेल्याची कंबर जवळपास माणूस चालतो तशीच हलते. तोल सुधारायला त्याचा उपयोग होतो.

समुद्रकिनाऱ्यावर मुलाला पाच मिनिटं घोड्यावर बसवून फोटो काढणं याला मी सहवास म्हणत नाही. सहवास म्हणजे खरारा करणं, चंदी भरवणं, लीद उचलणं. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात सौदागरांची पोरं हे सगळं करताना दिसतात, आणि केवढाल्या घोड्यांच्या पायांतून निर्धास्त वावरतात.

दिवाळी सरली की मार्गशीर्षात, दत्तजयंतीला तापीकाठी ही यात्रा भरते. मुलांना सकाळी न्या, खराऱ्याच्या वेळेला. मालकाला विचारा, ब्रश मुलाच्या हातात द्या आणि आपण चार पावलं मागे उभे राहा.