माहिती चौकट : आधी सूर्यफूल, मग मारा

अंगणात ५ रांगा, प्रत्येकीत ९ चौकोन आणि हाती फक्त ५० सूर्यकण. ‘प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज’ (२००९) हा खेळ एवढ्यावर सुरू होतो. सूर्यफूल लावायला ५० कण लागतात, वाटाणे मारणाऱ्या रोपाला १००. नवखा खेळाडू माऱ्याची घाई करतो. मुरलेला मात्र आधी सूर्यफुलं लावतो, कारण पुढचा सगळा खर्च तीच भागवतात.

खेळांच्या या प्रकाराला ‘टॉवर डिफेन्स’ म्हणतात. शत्रूच्या लाटांमागून लाटा येत राहतात आणि मोजक्या पैशांत बुरूज कुठे उभारायचे, हे खेळाडूने ठरवायचं. अटारीचा ‘रॅम्पार्ट’ (१९९०) हा त्याचा पूर्वज. २००७ मध्ये ब्राउझरवर आलेल्या ‘डेस्कटॉप टॉवर डिफेन्स’मधली युक्ती सर्वांत सुंदर : बुरुजांचीच भिंत रचून शत्रूची वाट लांबवायची. वाट जितकी लांब, तितका तो जास्त वेळ माऱ्यात.

मराठी मुलखाला हा हिशेब जुनाच आहे. रायगडाचा महादरवाजा दोन भक्कम बुरुजांच्या मिठीत दडलेला आहे. वळण घेऊन येणाऱ्यावर दोन्हीकडून मारा करता येतो.

भंडाऱ्याहून रायगड दूर, पण भंडारा जिल्ह्यातच, तुमसर तालुक्यात, आंबागड आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाहा याच्या काळात, १७०० च्या सुमारास तो बांधला गेला. खेळात रमणाऱ्या मुलांना एकदा तिथे जरूर न्या आणि चढताना विचारा, तुम्ही पहिला बुरूज कुठे बांधला असता?