छतावरचा पाऊस, मोरीतलं पाणी
२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा कोरड्या पट्ट्यात गच्चीवरचा पाऊस गटारात जाऊ देणं परवडणारं नाही. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. त्या हिशेबाने १,००० चौरस फुटांच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला, की नासाडी वजा जाता सुमारे ७०० लिटर टाकीत येतं. पहिल्या सरींचं धुळकट पाणी सोडून द्यावं. टाकी झाकलेली हवी, नाहीतर डास होतात.

तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी थेट कुंड्यांना चालतं. साबणाचं पाणी कर्दळी-केळीच्या आळ्यात जिरवावं. पालेभाज्यांवर कधीच नको. आरओ यंत्राच्या सांडपाण्यात क्षार जास्त, म्हणून ते फरशी पुसायलाच बरं. उन्हाळ्यात रोपाशेजारी साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावं, तोंड झाकावं. पाणी मुळांशी हळूहळू झिरपतं.