विश्लेषण : विमानदुरुस्तीत नागपूरची भागीदारी कंपनी कशी वाढली?

भारतीय विमान कंपन्यांकडे आज 800 हून अधिक विमाने आहेत. एअर इंडियाने फेब्रुवारी 2023 मध्ये 470, इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये 500 आणि अकासाने जानेवारी 2024 मध्ये 150 विमानांची मागणी नोंदवली. एवढ्या विमानांची मोठी दुरुस्ती कुठे होणार? या प्रश्नाच्या उत्तरात आता नागपूरच्या मिहानचे नाव येते. तिथल्या इंडामेर टेक्निक्स या कंपनीचा प्रवास समजून घेऊ.

कंपनीची सुरुवात कशी झाली?

विमानदुरुस्तीतील मुंबईची जुनी कंपनी इंडामेर आणि अमेरिकेची एएआर यांनी एकत्र येऊन मिहानच्या विशेष आर्थिक क्षेत्रात ‘एएआर-इंडामेर टेक्निक्स’ उभी केली. पुढे ती ‘इंडामेर टेक्निक्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ऑगस्ट 2025 मध्ये अदानी डिफेन्सने ती विकत घेण्याचा करार जाहीर केला. मात्र खरेदी थेट नाही, तर होरायझन एअरो सोल्युशन्समार्फत. या कंपनीत अदानी डिफेन्स आणि प्राइम एअरो यांचा निम्मा-निम्मा वाटा आहे. म्हणजे भागीदार बदलले, भागीदारीची पद्धत कायम राहिली. त्या वेळी जाहीर झालेल्या माहितीनुसार 30 एकरांवर 10 हँगर असून त्यांत एका वेळी 15 विमाने उभी राहू शकतात.

तिथे नेमके काय काम चालते?

एसटीची बस रोज आगारात तपासली जाते, मोठ्या कामासाठी मात्र कार्यशाळेत जाते. विमानाचेही तसेच आहे. रोजची तपासणी विमानतळावर होते. साधारण दीड-दोन वर्षांनी होणाऱ्या ‘सी चेक’ला विमान हँगरमध्ये न्यावे लागते. त्याहून मोठ्या तपासणीत आसने, आतले पत्रे, वायरिंग काढून सांगाड्यापर्यंत पाहणी होते. याशिवाय रंगकाम आणि ‘लीज रिटर्न’चे काम असते. आपल्याकडची बरीच विमाने भाड्याची आहेत. मुदत संपली की ती करारात ठरलेल्या स्थितीत मालकाला परत द्यावी लागतात.

भागीदार कशासाठी लागतो?

पैशासाठी, पण तेवढ्यासाठीच नाही. विमानावर हात लावायला परवानगी लागते. भारतात ती डीजीसीए देते. पण भाड्याच्या विमानाचा मालक बहुधा परदेशी असतो. ते विमान उद्या दुसऱ्या देशात उडणार असेल, तर अमेरिकेच्या एफएएसारख्या नियामकाची मान्यताही महत्त्वाची ठरते. ती कामाची शिस्त, सुट्या भागांची नोंद आणि अवजारांची अचूकता तपासल्यावरच मिळते. अनुभवी भागीदार असला की ही पद्धत शून्यातून उभारावी लागत नाही.

मग नागपूरला इतका वेळ का लागला?

कारण हँगर बांधणे हा सोपा भाग आहे. एअर इंडियाच्या 68 विमानांच्या खरेदीवेळी बोइंगने नागपुरात दुरुस्ती केंद्र उभारण्याचे मान्य केले होते. ते 2015 मध्ये सुरू झाले. मात्र तेव्हा आणि त्यानंतरही करांचे गणित उलटे होते. देशातील दुरुस्तीवर 18 टक्के जीएसटी लागे, तर परदेशात दुरुस्त होऊन आलेल्या विमानावरचा भार हलका होता. एप्रिल 2020 पासून हा दर 5 टक्के झाला. जुलै 2024 पासून आयात सुट्या भागांवरही सरसकट 5 टक्के आयजीएसटी लागू झाला.

नागपूर देशाच्या मध्यभागी असल्याने विमान रिकामे आणण्याचा खर्चही कमी. मुंबईहून सिंगापूरला जायला पाच तासांहून अधिक लागतात, नागपूरला साधारण दीड तास. शिवाय विमान जमिनीवर असले तरी त्याचे भाडे चालूच असते. त्यामुळे कंपन्या दर पाहतातच, पण विमान ठरल्या दिवशी परत मिळेल का, हेही तितकेच पाहतात.

सगळा पैसा आता देशातच राहणार का?

नाही. दुरुस्तीतला सर्वांत महाग भाग म्हणजे इंजिन आणि ते काम अजून मोठ्या प्रमाणावर परदेशात होते. हैदराबादेत सॅफ्रनच्या लीप इंजिनांच्या केंद्राचे उद्घाटन नोव्हेंबर 2025 मध्ये झाले. ए-320 निओ आणि 737 मॅक्स या विमानांना ही इंजिने वापरली जातात.

विदर्भातल्या तरुणांसाठी यात काय?

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बीई किंवा बीटेक पदवी असली, तरी ‘हे विमान उडण्यास योग्य आहे’ अशी सही करता येत नाही. त्यासाठी डीजीसीएचा विमान देखभाल अभियंता परवाना लागतो. बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेल्यांना या अभ्यासक्रमाची वाट खुली असते. पण नुसती परीक्षा पुरत नाही, प्रत्यक्ष विमानावर केलेल्या कामाची नोंद दाखवावी लागते. त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का आणि प्रात्यक्षिक नेमके कुठल्या हँगरमध्ये होणार, हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

नागपूरची वाढ मोजतानाही हीच फूटपट्टी लावावी. हँगर पैशाने वर्षभरात वाढवता येतील. सही करू शकणारा अभियंता घडायला मात्र काही वर्षे जातात.