‘घटकाभर पडतो’ म्हणण्याआधी

सकाळी आंघोळ उरकून साठीचे गृहस्थ चहाला बसतात आणि कपबशी हातातून निसटते. उजवा हात जड वाटतो, जीभ नीट वळत नाही. दुखत मात्र कुठेच नाही. ‘रात्री झोप झाली नाही, घटकाभर पडतो, बरं वाटेल,’ असे ते कसेबसे सांगतात. घरचे अंगावर पांघरूण घालतात आणि दार लोटून घेतात. असे प्रसंग अनेक घरांत घडतात. घरच्यांना काळजी असतेच. वेळेचा हिशेब तेवढा चुकतो.

बोलताना आपण घटका हा शब्द सैलपणे वापरतो, पण ते नेमके माप आहे. दिवस आणि रात्र मिळून ६० घटका, म्हणजे एक घटका २४ मिनिटांची. घटकेची ६० पळे, म्हणून एक पळ २४ सेकंदांचे. पळाची ६० विपळे, म्हणून एक विपळ ०.४ सेकंदाचे. लहान माप मोठ्या मापात बदलताना आपला अंदाज नेहमीच फसतो. दहा लाख सेकंद म्हणजे साडेअकरा दिवस, हे ऐकून फारसे नवल वाटत नाही. पण शंभर कोटी सेकंद म्हणजे सुमारे ३१ वर्षे ८ महिने! लाख आणि कोटी आपण एका दमात उच्चारतो, पण त्यांच्यात काही दिवस आणि अर्धे आयुष्य एवढे अंतर असते.

शरीराचा कारभार या लहान मापांवरच चालतो. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. त्यावरचा सर्वांत लहान चौकोन एक मिलिमीटरचा, म्हणजे ०.०४ सेकंदाचा. हृदयाच्या वरच्या कप्प्यात निघालेला विद्युतसंदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचायला साधारण तीन ते पाच चौकोन लागतात. त्याहून जास्त लागले, तर वाटेत काहीतरी अडते आहे हे डॉक्टर ओळखतात. एक ठोका सेकंदाच्या आत उरकतो; पण मिनिटाला ७२ ठोके धरले तर दिवसाला १ लाख ३ हजार ६८० आणि वर्षाला सुमारे ३ कोटी ७८ लाख ठोके होतात.

मेंदू तर याहून घाईचा. शरीराच्या वजनात त्याचा वाटा सुमारे दोन टक्के, पण प्राणवायू लागतो सुमारे वीस टक्के. साठवण जवळपास नाहीच. म्हणून मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की लगेच नुकसान सुरू होते. यालाच आपण पक्षाघात म्हणतो; ‘अंगावरून वारं गेलं’ असेही म्हणतात. गुठळीच्या अगदी पुढचा भाग काही मिनिटांत मरतो. त्याच्या भोवतालचा भाग मात्र शेजारच्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या थोड्याशा रक्तावर काही तास तग धरून असतो. तो काम थांबवतो, पण जिवंत असतो. उपचारांची सगळी धडपड हाच भाग वाचवण्यासाठी असते.

हे नुकसान किती वेगाने होते, याचा हिशेब अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला. मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळीवर उपचार झाले नाहीत, तर दर सेकंदाला सुमारे ३२ हजार आणि दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. वय वाढताना मेंदूपेशी एरवीही कमी होत असतात. त्या नेहमीच्या वेगाशी तुलना केली, तर मेंदू एका सेकंदात सुमारे पावणेनऊ तासांनी, एका मिनिटात तीन आठवड्यांनी आणि एका तासात ३.६ वर्षांनी म्हातारा होतो.

आता ‘घटकाभर पडतो’ याचा अर्थ लावून पाहा. २४ मिनिटांत साडेचार कोटींहून अधिक पेशी जातात, म्हणजे मेंदूचे जवळपास दीड वर्ष. रात्री अकराला तोंड वाकडे झाले आणि ‘सकाळी सहाला बघू’ असे ठरवले, तर या हिशेबाने मेंदूची पंचवीस वर्षे संपलेली असतात. हे आकडे सरासरीचे आहेत. प्रत्येक रुग्णात वेग कमी-अधिक असतो. पण आपला रुग्ण सावकाश नुकसान होणाऱ्यांपैकी आहे की नाही, हे घरात बसून कोणालाही कळत नाही.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. निवडक रुग्णांमध्ये मोठ्या वाहिनीतील गुठळी नळीवाटे काढता येते, आणि काहींमध्ये ते २४ तासांपर्यंत शक्य असते. तरीही जेवढे लवकर, तेवढा फायदा अधिक. इंजेक्शनआधी सीटी स्कॅन अत्यावश्यक असतो, कारण काही पक्षाघात रक्तस्रावाने होतात आणि त्यात हेच औषध घातक ठरते. त्यामुळे रुग्णालय निवडताना जवळचे आणि सीटी स्कॅनची सोय असलेले निवडावे.

ओळखायची लक्षणे सोपी आहेत. हसायला सांगितल्यावर तोंड एका बाजूला ओढले जाणे, दोन्ही हात समोर धरल्यावर एक खाली पडणे, बोलणे अडखळणे किंवा समजेनासे होणे. अचानक एका बाजूचे दिसेनासे होणे किंवा तोल जाणे हीही लक्षणे असू शकतात. यांतले एकही दिसले तरी १०८ क्रमांकावर फोन करावा. रुग्णाला पाणी, चहा किंवा गोळी तोंडाने देऊ नये. गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जाते. ॲस्पिरिन किंवा रक्तदाबाची जादा गोळी आपल्या मनाने देऊ नये. तेल चोळण्यात वेळ घालवू नये. दहा मिनिटांत सगळे पूर्ववत झाले तरी रुग्णालयात जावेच, कारण तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

निघताना कागदावर एक गोष्ट लिहून घ्यावी: रुग्णाला शेवटचे धडधाकट किती वाजता पाहिले. झोपेतून उठल्यावर लक्षणे दिसली असतील, तर रात्री झोपण्याची वेळ लिहावी. रुग्णालयात पोहोचताच डॉक्टर पहिल्याच काही प्रश्नांत ही वेळ विचारतात. ‘मघाशी’ किंवा ‘थोड्या वेळापूर्वी’ या उत्तराने उपचार ठरवता येत नाहीत. ‘सात वाजून दहा मिनिटांनी चहा मागितला, तेव्हा नीट बोलत होते’ या उत्तराने ठरवता येतात.