पाखाडीच्या तिठ्यावरचा क्रूस

वांद्र्याच्या हिल रोडवरून आतल्या गल्ल्यांत वळले, की रानवर, चिंबई, शेर्ली, पाली अशी जुन्या वस्त्यांची नावे कानांवर पडतात. या पाखाड्या, म्हणजे इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळींच्या वाड्या. त्यांतली कौलारू घरे आता थोडीच उरली आहेत. पण कुठे तिठ्यावर, कुठे कुंपणाच्या कोपऱ्यात एखादा क्रूस अजून उभा दिसतो. त्याच्या गळ्यात झेंडूची माळ असते आणि पायाशी मेणबत्त्यांचे ओघळ. यांतले पुष्कळसे क्रूस ‘प्लेगचे क्रूस’ म्हणून ओळखले जातात.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातल्या तापाच्या रोग्यांना तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान केले. व्हिएगस मूळचे गोव्याचे ख्रिस्ती गृहस्थ आणि मुंबई म्युनिसिपालिटीचे सभासद. पुढे १९०६ साली ते तिचे अध्यक्षही झाले. धोबीतलावावर मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. प्लेगची बातमी पसरली आणि शहराची दाणादाण उडाली. १८९७ च्या आरंभापर्यंत सुमारे निम्मे मुंबईकर गाव सोडून गेले होते. त्याच वर्षी सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. घरोघर झडत्या सुरू झाल्या, आजाऱ्याला उचलून इस्पितळात न्यायचे आणि घरच्यांना छावणीत ठेवायचे, असा खाक्या पडला. लोक रोग्याला माळ्यावर लपवू लागले. रोगाइतकीच धास्ती त्या गाडीची असे.

अशा दिवसांत पाखाड्यांतून हे क्रूस उभे राहिले. कुणी साथ वेशीबाहेर राहावी म्हणून बांधले, तर कुणी आपली वाडी वाचली म्हणून नवस फेडला. तिन्हीसांजेला दहापाच घरची माणसे तिथे उघड्यावर जमत आणि जपमाळ म्हणत. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. पण या रिवाजातून आणखी एक गोष्ट आपोआप साधते. जिथे रोज तीच दहा घरे भेटतात, तिथे आज कोण आले नाही, हे लगेच ध्यानात येते. ‘मावशी दिसल्या नाहीत’ एवढे कुणी म्हटले, की कुणीतरी त्यांच्या दारावर थाप मारतोच. प्रार्थना संपल्यावर उकडलेले चणे वाटायची रीत आहे. चणे खाता खाता वाडीची सगळी खबरबात निघते.

मार्च २०२० मध्ये मुंबईवर पुन्हा तीच पाळी आली. कोरोनाला आवर घालण्यासाठी महाराष्ट्रात कायदाही तोच, १८९७ चा, लागू झाला. देवळे, मशिदी आणि चर्चे बंद झाली. १२ एप्रिलच्या ईस्टरला वेदीपुढे पाद्री उभा आणि बाके रिकामी, असा देखावा घरोघरी मोबाइलच्या पडद्यावर दिसला. मे महिना हा क्रुसापाशी जमण्याचा महिना. तोही सुना गेला आणि सप्टेंबरातली माऊंट मेरीची जत्राही भरली नाही.

चर्चचे दार बंद झाले, तर ख्रिस्ती समाजाने करायचे काय? ख्रिस्ती शिकवणुकीत देहाच्या सात सेवा सांगितल्या आहेत : भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, निराश्रिताला आसरा, आजाऱ्याची भेट, बंदिवानाची भेट आणि मृताला मूठमाती. अन्नाची सेवा तर झालीच. अनेक चर्चच्या आवारात तांदूळ-डाळीच्या पिशव्या भरल्या गेल्या आणि पायी गावाकडे निघालेल्या मजुरांच्या हाती जेवणाची पाकिटे पडली. पण आजाऱ्याची भेट आणि मृताला मूठमाती, या दोन सेवांवर साथीने नेमका घाला घातला.

आजाऱ्याच्या भेटीचेच पाहा. अनेक चर्चमधून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा असते. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांसह ही संस्था काढली. आदल्याच वर्षी त्या शहरात पटकीने हाहाकार उडवला होता. नुसते पैसे पाठवून मोकळे व्हायचे नाही, तर जोडीने गरिबाच्या घरी जाऊन बसायचे, असा तिचा परिपाठ. २०२० मध्ये घरी जाऊन बसणेच घातक ठरले. मग ठरल्या वेळी फोन करायचा, औषधाची पुडी दाराच्या कडीला अडकवायची आणि चार पावले मागे सरून हाक मारायची, असे नवे शिरस्ते पडले. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला गोळीपेक्षा त्या हाकेचाच आधार अधिक.

मूठमातीचा प्रश्न याहून कठीण होता. ३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने, कोरोनाने मेलेल्या कोणत्याही धर्माच्या माणसाला दहनच द्यावे, असे परिपत्रक काढले आणि ओरड होताच त्याच दिवशी मागे घेतले. पुढे दफनाची मुभा राहिली, तरी शवपेटीला खांदा द्यायला पोटची मुलेही विलगीकरणात असत. अशा वेळी पायघोळ संरक्षक पोशाख चढवून स्वयंसेवक पुढे झाले. काही कुटुंबांनी दहन स्वीकारले. रोमने १९६३ सालीच कॅथलिकांना त्याची मोकळीक दिली होती. पण आजी-आजोबांच्या शेजारी जागा मिळावी, ही ओढ काही सुटत नाही. मग त्या रक्षेलाच दफनभूमीत जागा मिळाली. परक्याच्या आईला मूठमाती देऊन, अंघोळ करून, घरच्यांपासून वेगळ्या खोलीत झोपणाऱ्या त्या माणसांची नावे कुठल्याही दगडावर कोरलेली नाहीत.

महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. तो दिवाळीचा पाडवा होता. देवळातली घंटा आणि चर्चमधली घंटा एकाच सणाला पुन्हा वाजली. १९२१ च्या उन्हाळ्यात नव्हे, तर २०२१ च्या उन्हाळ्यात दारे पुन्हा लागली आणि घटस्थापनेला पुन्हा उघडली. तोवर दाराबाहेर कसे वागायचे, हे मात्र माणसे शिकून चुकली होती.

पुढच्या वेळी वांद्र्याला गेलात, तर अशा क्रुसापाशी घटकाभर थांबा आणि त्यावर काही साल कोरलेले दिसते का, ते पाहा. मग घरी परतल्यावर आपल्या जिन्यात किती दारे आहेत आणि त्यांतल्या कोणामागे एकटे माणूस राहते, तेही एकदा मोजून ठेवा. फराळाचे ताट नेण्याच्या निमित्ताने तेवढे सहज होईल.